कॉम तीन

गुरुवारी भोसरीत लाइट नसते,
म्हणून बुधवारी रात्रीच बसले आहे
टी ब्लॉकमध्ये, बोरकुट्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये.
चहावर साय धरली आहे.
पुढ्यात कॉम्प्युटर, रिक्षातून मांडीवर आणलेला,
ज्याच्या पोटात मी तीन आवृत्त्या नांदवते:
चार, सात आणि अकरा.

चार लागते या हॉबिंग मशीनला.
ते अकराशी बोलत नाही.
सातशी बोलतं, पण मधेच विसरतं काय बोलत होतं ते.
अकरा लागते चाकणच्या नव्या लाइनला,
आणि अकरा आली की आधी
चारचा ड्रायव्हर काढून आपला बसवते,
न विचारता,
नव्या साहेबाने आल्या आल्या खुर्च्या हलवाव्यात तशी.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात.
राहतात. तीनही राहतात. क्रम पाळावा लागतो.
आधी चार. मग रीस्टार्ट.
मग सात, तिचा ड्रायव्हर नाकारून. मग रीस्टार्ट.
मग अकरा, इंटरनेटची वायर उपटून,
कारण वायर असली की ती वरून हुकूम मागवते.
हे सगळं वहीत आहे, निळ्या शाईने.
लाल शाईने एकच ओळ: घाई करू नये.

अफझल म्हणतो, ताई, तीन लॅपटॉप घ्या, विषय संपला.
मार्चचं बिल कुठवर आलं विचार, म्हटलं.
तो गेला टपरीवर, अजून एक चहा सांगायला.

आज सगळं बसलं. तिन्ही उघडतात.
तरी मशीन गप्प.
कारण चारला चारच दारं दिसतात,
कॉम एक ते कॉम चार,
आणि माझी नवी केबल जाऊन बसली आहे सतरावर.

मग मी ती यादी उघडली,
लपलेली उपकरणंही दाखव म्हणून सांगितलं,
आणि फिकट, अर्धवट खोडल्यासारखी
वर येत गेली
आजवर या पेटीला जोडलेली प्रत्येक वायर.
मोडेम. बारकोडची बंदूक.
दिवाळीत जळालेला प्रिंटर.
कुणाचा तरी मोबाइल, एकदाच, चार्जिंगला.
वस्तू केव्हाच भंगारात गेल्या.
क्रमांक त्यांच्याच नावावर,
सातबाऱ्यावर मेलेल्याचं नाव राहावं तसे.

तीनवर शेटे सरांची राखाडी केबल.
ती उंदरांनी कुरतडली त्याला सहा वर्षं झाली.
सर निवृत्त झाले त्याला सात.
तीनला हात लावायचं जिवावर आलं,
म्हणून मोडेमचा दोन काढला,
तिथे माझी केबल बसवली.
मशीन गप्पच.

साडेअकराला फोन केला. पहिल्या रिंगला उचलला त्यांनी.

"दोन चालणार नाही. तीनच लागेल.
जोडणीच्या फाइलमध्ये मी तीन लिहून टाकलंय, थेट.
चुकीचं आहे, माहीत आहे.
त्या दिवशी लाइट जायला वीस मिनिटं होती."

मग तुमची काढू?

थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज आला,
त्यांच्याकडचा की माझ्याकडचा, कळलं नाही.

"मी काय बसलोय का तिच्यावर? काढ."

पडद्याने विचारलं, नक्की?
हो.
फिकट ओळ गेली. खालच्या ओळी एकेक घर वर सरकल्या.
केबल सतरावरून दोनवर, दोनवरून तीनवर.

आणि चार नंबरच्या आवृत्तीत, करड्या चौकटीत,
प्रोग्रॅम उलगडत आला, शिडीसारखा, पायरी पायरीने.
सत्तेचाळिसाव्या पायरीशेजारी टीप:
येथे हात लावू नये. वै. शे.

फोन अजून चालूच होता.
सर, बोललं, म्हटलं.
काय म्हणतंय?
तेल कमी आहे म्हणतंय.

"ते पहिल्या दिवसापासून तेच म्हणतंय," ते म्हणाले,
"सेन्सर उलटा बसवलाय."